छपराखालचा कारखाना आणि बँकेचा कागद

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमच्या ओळखीच्या एका ताईंबरोबर आम्ही बँकेत गेलो होतो. ताई परकर आणि कापडी पिशव्या शिवतात. घर एका खोलीचे. सासऱ्यांच्या नावावर तीसएक वर्षांपूर्वी घरकुल मिळाले होते, त्याच भिंती आणि त्यावर पत्रे. आता पत्र्यांना गंज लागला आहे. ताईंना भिंती नीट करून वर स्लॅब टाकायचा होता आणि शेजारी एक छोटी खोली काढायची होती. गवंड्याने अंदाज दिला होता तीन लाखांचा.

समोरच्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "पगाराची स्लिप आहे का?"

ताईंनी पिशवीतून वही काढली. कोणत्या तारखेला व्यापाऱ्याला किती नग दिले, किती पैसे आले, किती बाकी, हे सगळे त्या वहीत सात वर्षांपासून लिहिलेले आहे. साहेबांनी दोन पाने उलटून वही परत दिली. "घर कोणाच्या नावावर?" सासऱ्यांच्या. ते वारले. वारस नोंद झालेली नाही. हातात ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि घरपट्टीच्या पावत्या. साहेब म्हणाले, "मावशी, एवढ्यावर होत नाही. आणि घर म्हणजे खर्च. त्यातून उत्पन्न येत नाही. शिलाई मशीनसाठी कर्ज पाहिजे असेल तर योजना आहे, कागद घेऊन या."

ताई म्हणाल्या, "मशीन आहे, साहेब. दुसरे घेतले तर ठेवू कुठे? पावसात पत्रा गळतो. कापड भिजले की व्यापारी माल परत पाठवतो. चार महिने मी निम्मेच शिवते."

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी आम्हांला चहा पाजला. पण त्यांच्या फॉर्मात त्या वहीसाठी रकानाच नव्हता. मशीन उत्पन्न देते, छप्पर देत नाही, असे त्यांना शिकवलेले होते. परत येताना एसटीत आमच्या मनात तेच घोळत राहिले. वाचकहो, ही समजूत एकट्या त्या साहेबांची नाही. स्वतंत्र झालेल्या बहुतेक गरीब देशांत कित्येक वर्षे अर्थशास्त्राचे मोठे मोठे पंडित हेच म्हणत होते.

खर्चाच्या बाजूला टाकलेले घर

१९५० आणि ६० च्या दशकांत नव्या देशांचे नियोजन करणाऱ्यांचा हिशेब सरळ होता. देशाकडे पैसा थोडा. तो पोलाद, धरणे, वीज, कारखाने यांत घातला तर त्यातून आणखी माल निघेल. घरात घातला तर तो तिथेच बसून राहील. एक रुपया गुंतवला की वर्षाला किती उत्पन्न निघते, या मोजमापात घर नेहमी तळाला राही. म्हणून घरबांधणी ही 'सामाजिक खर्च' या सदरात गेली. आधी देश श्रीमंत होऊ द्या, मग लोकांना घरे मिळतील, असा तो क्रम होता.

या मोजमापात दोन गोष्टी सुटल्या. एक तर, घर बांधताना पैसा कोणाच्या हातात जातो? विटा भाजणाऱ्याच्या, वाळू वाहणाऱ्याच्या, गवंडी, बिगारी, सुतार, लोहार आणि रंगाऱ्याच्या. वीट दूरदेशाहून येत नाही, ती त्याच तालुक्यातली असते. शेतीचे काम नसलेल्या महिन्यांत ज्यांच्या हाताला काम नसते, तेच हात घराच्या पायावर लागतात. आमच्या वाचकांपैकी कितीतरी घरांत बांधकामाचीच रोजी आहे. त्यांना हे आम्ही सांगायला नको.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. मध्यमवर्गीय माणूस घरातून निघून कामावर जातो. संध्याकाळी परत येतो तेव्हा ते घर विश्रांतीचे. पण विडी वळणारी, पापड लाटणारी, अगरबत्ती करणारी, शिवणकाम करणारी, खानावळीचे डबे देणारी बाई कामावर कुठे जाते? तिचा कारखाना त्याच छपराखाली असतो. छप्पर गळले की कारखाना बंद. जागा नसली की दुसरे मशीन नाही. दिवा नसला की रात्रपाळी नाही. पंडितांनी ज्याला खर्च म्हटले, ते तिच्यासाठी भांडवल आहे.

'मग त्याला कारखाना म्हणा'

हे उघडपणे बोलून दाखवले गेले बांगलादेशात, आणि तो प्रसंग गमतीचा आहे. चितगावजवळच्या जोब्रा गावात १९७६ साली प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी गरिबांना छोटी कर्जे देण्याचा प्रयोग सुरू केला. १९८३ साली त्याची ग्रामीण बँक झाली. पुढच्याच वर्षी त्यांना वाटले, घरासाठीही कर्ज द्यावे. त्यासाठी त्यांनी देशाच्या मध्यवर्ती बँकेकडे गृहकर्जाच्या योजनेत अर्ज केला. उत्तर आले, एवढ्याशा रकमेत जे उभे राहील त्याला घर म्हणता येणार नाही. युनूस यांनी पुन्हा लिहिले, बरे, घर नको म्हणू, निवारा म्हणू. निवाऱ्यासाठी कर्ज द्या. तेही नाकारले. कारण, निवारा हा उपभोग, त्यातून उत्पन्न नाही, मग गरीब माणूस फेडणार कसा? तिसऱ्यांदा त्यांनी लिहिले, आमच्या कर्जदार बायका आहेत, त्या घरातच बसून काम करतात, पोरे सांभाळतात आणि कमावतात; तेव्हा हा कारखाना आहे, कारखान्यासाठी कर्ज द्या. तेही मान्य झाले नाही. शेवटी युनूस मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरांना जाऊन भेटले, तेव्हा परवानगी मिळाली. ही हकीकत युनूस यांनी आपल्या आत्मकथनात सांगितली आहे.

त्या कर्जातून जे घर उभे राहिले ते साधेच होते. काँक्रीटचे चार खांब, वर पन्हाळी पत्रे, आणि संडासाचा संच. पण बांगलादेशाच्या पुरात भिंत वाहून गेली तरी खांब उभे राहतात आणि पत्रे उतरवून ठेवता येतात. पूर ओसरला की पुन्हा तेच घर. १९८९ साली या घरबांधणी कार्यक्रमाला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कार मिळाला. ज्या पुरस्कारासाठी संगमरवरी इमारतींची चर्चा होते, त्यात पत्र्याचे घर निवडले गेले, याचे आम्हांला अजून कौतुक वाटते.

या योजनेत एक अट होती आणि आमच्या मते सगळा गाभा त्या अटीत आहे. घर आणि घराखालची जमीन बाईच्या नावावर पाहिजे. जमीन नवऱ्याच्या नावावर असेल तर आधी ती तिच्या नावावर करायची, मगच कर्ज. ज्या समाजात तोंडी तलाक देऊन बाईला एका दिवसात घराबाहेर काढता येत होते, तिथे हा कागद काय करतो, हे सांगायला नको. २००६ साली युनूस यांना आणि ग्रामीण बँकेला मिळून शांततेचे नोबेल मिळाले. तोवर या कर्जांतून सहा लाखांवर घरे उभी राहिली होती.

अहमदाबादची दहा रुपयांची बँक

आपल्या देशातही हेच एका बँकेने वेगळ्या वाटेने ओळखले. १९७४ साली अहमदाबादमध्ये इला भट्ट यांच्या 'सेवा' संघटनेतल्या चार हजार कष्टकरी बायकांनी प्रत्येकी दहा रुपये घालून स्वतःची सहकारी बँक काढली. भाजीवाल्या, चिंध्या गोळा करणाऱ्या, विडी वळणाऱ्या, हातगाडी ओढणाऱ्या. कित्येक जणींना सहीसुद्धा येत नव्हती. त्या बँकेचा अनुभव असा, की धंद्यासाठी कर्ज मागायला आलेल्या बायकांच्या मागण्यांत घराची मागणी सतत डोके वर काढते. कौले बदलायची आहेत, मोरी करायची आहे, माळा टाकायचा आहे. बँकेने त्याला उपभोग म्हणून हाकलले नाही. १९९४ मध्ये सेवाने घरांच्या प्रश्नासाठी महिला हाउसिंग ट्रस्ट ही वेगळी संस्थाच काढली.

१९९५ च्या सुमारास अहमदाबाद महानगरपालिकेने झोपडपट्ट्यांत नळ, गटार, संडास, रस्ते, दिवे देण्याची 'परिवर्तन' योजना आणली. प्रत्येक घराने दोन हजार रुपये भरायचे. ते साठवायला सेवा बँकेने मदत केली. पण पैशापेक्षा महत्त्वाचे असे एक पान त्या योजनेत होते: महानगरपालिकेने लेखी दिले की दहा वर्षे तुम्हांला येथून उठवणार नाही. मालकीहक्क नव्हे, सातबारा नव्हे, फक्त न उठवण्याचा शब्द. तेवढ्यावर लोकांनी भिंती पक्क्या करायला घेतल्या. उद्या बुलडोझर येणार असेल तर आज वीट कोण लावील? ती भीती गेली की माणूस स्वतःचाच पैसा बाहेर काढतो.

या भीतीचा हिशेब दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात झाला. तिथले अर्थतज्ज्ञ हेर्नांदो दे सोतो यांचे म्हणणे होते, की गरिबांकडे घरे आहेत पण कागद नाहीत, म्हणून ती घरे मेलेले भांडवल आहेत; कागद द्या, बँका कर्ज देतील. १९९६ पासून पेरूच्या सरकारने शहरांतल्या बारा लाखांवर कुटुंबांना मालकीपत्रे दिली. पुढे अभ्यासकांनी पाहिले, तेव्हा खाजगी बँका काही धावत आल्या नव्हत्या. कागद आला तरी पगार कुठे होता? पण दुसरेच काही घडले होते. ज्या घरांत कागद नव्हता, तिथे कोणी जागा बळकावू नये म्हणून घरातल्या कोणाला तरी राखणीला थांबावे लागे. कागद आल्यावर ती माणसे घराबाहेर जाऊन जास्त तास काम करू लागली. दे सोतो यांनी सांगितलेला फायदा फारसा आला नाही. जो आला तो त्यांनी सांगितलेला नव्हता.

सोलापूरच्या विडीकामगार बायका

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांची संख्या मोठी. तंबाखू आणि तेंदूची पाने घरी आणायची, कात्रीने पाने कापायची, वळून बंडल बांधायचे आणि हजाराच्या हिशेबाने मजुरी घ्यायची. हे काम दहा बाय दहाच्या खोलीत, तिथेच चूल, तिथेच पोरे, तिथेच तंबाखूची धूळ. या बायकांना कोणती बँक पंधरा-वीस वर्षांचे कर्ज देणार?

नरसय्या आडम मास्तर यांच्या नेतृत्वाखाली या बायकांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले. त्यातून सोलापूरजवळ कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने महिला विडी कामगारांची सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. दहा हजार घरे. एका घराचा खर्च साठ हजार: वीस हजार केंद्र सरकारचे, वीस हजार राज्य सरकारचे आणि वीस हजार कामगार बाईचे. १ सप्टेंबर २००६ रोजी तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती घरे दिली गेली. पुढे त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी रेनगरची तीस हजार घरांची वसाहत हाती घेतली गेली. त्यातल्या पंधरा हजार घरांचे वाटप १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केले.

राजकारण बाजूला ठेवून या हिशेबाकडे पाहा. साठ हजारांतले चाळीस सरकारचे आहेत म्हणूनच उरलेल्या वीस हजारांचे ओझे विडीच्या मजुरीतून पेलता आले. नुसते कर्ज दिले असते तर पेलले नसते. नुसते अनुदान दिले असते तर ते पुरले नसते. गरिबांच्या घरात अनुदान, बचत आणि कर्ज ही तीन पाती एकत्र वळावी लागतात.

मुंबईकर वाचकांना चारकोप, गोराई, मालवणी ठाऊक असेल. १९८५ पासूनच्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात जागतिक बँकेच्या कर्जातून तिथे बांधलेली घरे नव्हे, तर आखलेले छोटे भूखंड, पाणी, गटार आणि रस्ता दिला गेला. सोसायटी करा आणि जमेल तसे बांधा. कष्टकरी माणूस घर असेच बांधतो. एका बोनसमध्ये जोते, पुढच्या वर्षी भिंती, मुलगा कामाला लागला की वरचा मजला. बँकेला मात्र पूर्ण झालेला फ्लॅट हवा असतो.

सिंगापूरची आग, मेक्सिकोची रिकामी घरे

मोठ्या प्रमाणावर हे काम कोणी केले असे विचारले तर सिंगापूरचे नाव घ्यावे लागते. तिथे गृहनिर्माण मंडळ १९६० साली निघाले. २५ मे १९६१ रोजी बुकित हो स्वी या झोपड्यांच्या वस्तीला आग लागून सुमारे सोळा हजार माणसे उघड्यावर आली. त्याच जागेवर मंडळाने इमारती उभ्या केल्या. पण घरे विकत घ्यायला कामगारांकडे पैसे कुठे होते? १९५५ पासून तिथे सक्तीचा भविष्य निर्वाह निधी होता, म्हणजे आपला पीएफ. १९६८ मध्ये सरकारने ठरवले, की या निधीतून घराची पहिली रक्कम आणि हप्ते भरता येतील. म्हातारपणासाठी अडकून पडलेला पैसा तरुणपणी घराला लागला, त्यातून बांधकामाला काम मिळाले, आणि जे कामगार भाड्याने राहत होते ते घरमालक झाले. आजही तिथली पाचातली जवळपास चार माणसे मंडळाच्या घरांत राहतात. अर्थात तो एका शहराएवढा देश, आणि जमीन सरकारने कायद्याने ताब्यात घेतलेली. आपल्याकडेही पीएफमधून घरासाठी रक्कम काढता येते. प्रश्न एवढाच, की आपल्या किती जणांचा पीएफ कापला जातो?

मेक्सिकोनेही सिंगापूरसारखेच केले आणि तिथे घोळ झाला. १९७२ साली कामगारांच्या घरांसाठी राष्ट्रीय निधी काढला. मालकांनी कामगाराच्या वेतनाच्या पाच टक्के त्यात भरायचे. २००० नंतर या निधीतून लाखो कर्जे वाटली गेली. बिल्डरांनी स्वस्त जमीन शोधत शोधत शहरापासून फार दूर एकसारख्या घरांच्या रांगा उभ्या केल्या. जवळ ना काम, ना शाळा, ना पुरेशा बसगाड्या. कामावर जायला दोन-दोन तास. लोकांनी हप्ते सोडले आणि घरेही सोडली. २०१० च्या जनगणनेत मेक्सिकोत सुमारे पन्नास लाख घरे रिकामी सापडली. कर्ज होते, घर होते, कागदही होता. काम जवळ नव्हते. कोणी तुम्हांला शहराबाहेर स्वस्त फ्लॅट दाखवायला नेले तर आधी रोजच्या भाड्याचा हिशेब करा, ही आमची बहिणी-भावांना विनंती.

त्याच मेक्सिकोत कोआविला प्रांतात २००० साली एक छोटी गोष्ट झाली. मातीच्या जमिनीच्या घरांना सरकारने पन्नास चौरस मीटरपर्यंत सिमेंटची जमीन फुकट करून दिली. भिंत नाही, छप्पर नाही, फक्त जमीन. अभ्यासकांनी नंतर मोजले तेव्हा लहान मुलांमधले जुलाबांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले होते आणि आया पूर्वीपेक्षा समाधानी होत्या. एवढ्या छोट्या कामासाठी कर्ज देणारी बँक मात्र सापडणे कठीण, कारण रक्कम छोटी आणि कागदपत्रे तेवढीच.

आपल्या देशात घरकर्जाची व्यवस्था उशिरा आली. हुडको १९७० ची. हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी १९७७ साली काढली, तेव्हा सामान्य नोकरदाराला घरासाठी कर्ज देणारी संस्था जवळपास नव्हतीच. नोकरी संपली की निवृत्तीच्या पैशातून घर, अशी रीत होती. राष्ट्रीय आवास बँक १९८८ ला सुरू झाली. त्यानंतर पगारदारांचे घर तरुणपणी होऊ लागले, हे खरेच मोठे काम झाले. पण देशाच्या एकूण उत्पन्नाशी तुलना केली तर आपल्याकडचे घरकर्ज अजून दहाव्या हिश्श्याच्या आसपासच आहे. श्रीमंत देशांत ते निम्म्याहून जास्त असते. पगाराच्या स्लिपेपाशी जे दार बंद होते, ते अजून बंदच आहे.

हप्त्याचा हिशेब

आता थोडे कागदपेन्सिल घेऊन बसू. तीन लाखांचे कर्ज, व्याज वर्षाला नऊ टक्के. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ३,८०० रुपये, एकूण भरणा ४ लाख ५६ हजार. वीस वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे २,७०० रुपये. हलका वाटतो ना? पण एकूण भरणा ६ लाख ४८ हजारांच्या जवळ जातो. पहिल्या महिन्याच्या त्या २,७०० मधले २,२५० व्याजातच जातात, मुद्दल फक्त साडेचारशेने कमी होते. म्हणून दिवाळीत किंवा भिशीत चार पैसे जास्त आले तर ते सुरुवातीच्या वर्षांतच मुद्दलात भरावेत.

स्लिप नसलेल्यांना कर्ज देणाऱ्या खाजगी कंपन्या आता निघाल्या आहेत. त्यांचा दर चढा असतो. चौदा टक्के धरले तर त्याच तीन लाखांना दहा वर्षांचा हप्ता सुमारे ४,६६० पडतो. सावकाराचा शेकडा तीन घेतला तर महिन्याला नऊ हजार नुसते व्याज, मुद्दल जिथल्या तिथे. आणि एक शब्द नीट विचारून घ्या: व्याज घटत्या शिलकीवर की सपाट? सपाट बारा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलेले कर्ज प्रत्यक्षात वीस टक्क्यांच्या वर पडते. एजंट हे आपणहून सांगत नाही.

शहरात राहणाऱ्यांसाठी प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे १ सप्टेंबर २०२४ पासून मंजूर कर्जांसाठी, व्याजात सवलत आहे. घराची किंमत पस्तीस लाखांच्या आत, कर्ज पंचवीस लाखांच्या आत, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत आणि देशात कुठेही पक्के घर नसावे. पहिल्या आठ लाखांवर चार टक्क्यांची सवलत, जास्तीत जास्त एक लाख ऐंशी हजार, तीही पाच वार्षिक हप्त्यांत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांसाठी राज्य शासनाची रमाई आवास योजना आहेच. पण घरकुलाचे पैसे पाया, भिंती, छत असे काम पुढे गेल्यावर टप्प्याटप्प्याने मिळतात. पाया घालायलाच पैसे नसले तर माणूस सावकाराकडे जातो, आणि अनुदानातला एक वाटा व्याजात जातो. या मधल्या दोन-तीन महिन्यांसाठी वस्तीतल्या बचत गटाने हात दिला तर सावकाराचे दार टळते.

गावठाणातल्या घरांचे दुखणे वेगळे. शेतीला सातबारा असतो, पण घराच्या जागेची मोजणीच कित्येक गावांत झालेली नव्हती. आमच्या बऱ्याच वस्त्या तर गावठाणाच्याही कडेला. पिढ्यान् पिढ्या राहूनही हाती घरपट्टीच्या पावत्या. २४ एप्रिल २०२० ला स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोनने मोजणी करून घराची सनद, म्हणजे मिळकत पत्रिका देण्यात येते. तुमच्या गावात मोजणी झाली असेल तर नकाशा पाहून घ्या, वस्ती त्यात धरली आहे की नाही ते तपासा, आणि सनदेवर घरातल्या बाईचे नाव लावून घ्या. वारस नोंद राहिली असेल तर ती आधी. म्हातारी माणसे असेपर्यंत हे काम सोपे असते.

ताईंचे काय झाले, असे वाचक विचारतील. बँकेतून तीन लाख मिळाले नाहीत. त्यांच्या बचत गटाच्या जोडकर्जातून त्यांना साठ हजार मिळाले. गटाच्या बैठकीत कारण काय लिहायचे यावर थोडी चर्चा झाली, मग सचिव बाईंनी लिहिले, 'शिलाई व्यवसायवाढ'. त्यातून पत्रे बदलले, सिमेंटची जमीन केली आणि पाणी झिरपत होते त्या भिंतीला बाहेरून गिलावा झाला. स्लॅब आणि शेजारची खोली राहिली आहे. दुसरे मशीन जुने, पण चालते. कोरड्या झालेल्या भिंतीशी ते ठेवले आहे आणि त्यावर कॉलेजातून आल्यावर मुलगी बसते. वारस नोंदीचा अर्ज ग्रामसेवकांकडे आहे. या पावसाळ्यात आम्ही गेलो तेव्हा ताईंनी तीच वही काढली. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैच्या पानावर २१० परकर होते. या जुलैच्या पानावर ३४०, आणि परत आलेला माल या रकान्यात काही लिहिलेले नव्हते.